शेऱ्याची ओळ

वयाची बावन्न वर्षं सरली तरी धाकटी ती धाकटीच राहिली. घरातलं शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव लग्नानंतर नवऱ्यानं उचललं, शेजारणींनी उचललं, आणि आता गुडघे कुरकुरायला लागले तरी तिला थोरलं म्हणायला कुणी तयार नव्हतं. एक कचेरी तेवढी अपवाद. तिथे ती ‘बाई’ होती, आणि जाळीच्या खिडकीपलीकडे उभ्या राहणाऱ्यांना तिचा चांगलाच धाक होता.

कचेरी बसस्थानकावरची, हरवल्या-सापडल्या वस्तूंची. कचेरी म्हणजे काय, तर सहा नंबरच्या फलाटामागची एक लांबट खोली आणि तिच्यात छतापर्यंत गेलेल्या मांडण्या. डावीकडे छत्र्या, उजवीकडे डबे, मधे काठ्या, कुबड्या, एकेकटे हातमोजे आणि जोडीदार दुरावलेल्या चपला. चष्म्यांसाठी ट्रे होता. कवळ्यांसाठी मात्र झाकणाचा डबा होता, कारण त्या समोर हसत असल्या की धाकटीला जेवण जात नसे. एवढ्या पसाऱ्यावर माणसं दोनच. एक ती, आणि दुसरे नाना, बावीस वर्षं त्याच खुर्चीवर बसून खुर्चीच्याच आकाराचे झालेले.

गुरुवारी दुपारी एक गृहस्थ छत्री शोधायला आले.

‘काळी आहे,’ ते म्हणाले.

‘काळ्या एकशे बारा आहेत.’

‘मोठी काळी.’

‘मोठ्या साठ.’

‘मुठीला जरा चावल्यासारखं झालंय. घरी कुत्रा आहे आमच्या.’

‘हे आधी सांगायचं ना,’ म्हणत धाकटी उठली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. आत्तेबहीण होती.

‘अगं, रविवारी तुम्ही किती वाजता निघणार? आम्हाला वाटेत घ्याल का?’

‘रविवारी कुठे?’

‘कुठे म्हणजे? ताईकडे! निरोपाचं जेवण नाही का? सोमवारी सकाळी सामानाची गाडी येणार, मग ती कसली आता सापडतेय आपल्याला…’ आणि आत्तेबहीण एकदम थांबली. ‘तुला… अगं बाई, माझं दूध उतू जातंय. ठेवते हं.’

‘दुपारी साडेबाराला कुणाचं दूध उतू जातं?’ धाकटीनं बंद झालेल्या फोनला विचारलं. फोन काही बोलला नाही. गृहस्थ मात्र बोलले, ‘मुठीला चावल्यासारखं…’

‘कुत्र्याला आवरता येत नाही तर छत्र्या कशाला बाळगता?’ ती कडाडली. गृहस्थांनी मागे सरून आपली चूक मान्य केली.

आता ताईचं म्हणाल तर ती धाकटीहून आठ वर्षांनी मोठी. धाकटीला चालायला ताईनं शिकवलं, केस ताईनं विंचरले, शाळेत मारामाऱ्याही ताईनंच निस्तरल्या. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच राहत होती, इथून वीस मिनिटांवर. यंदा कधीतरी ती लेकीकडे राहायला जाणार हे धाकटीला ठाऊक होतं. लेकीचं गाव बसनं अकरा तासांवर. पण ‘कधीतरी’ म्हणजे येत्या सोमवारी, आणि त्याआधी सगळ्या गोतावळ्याला जेवायला बोलावलंय, आणि त्या गोतावळ्यात आपण नाही! सोमवारनंतर वीस मिनिटांवर कुणी असणार नव्हतं.

‘नाना, सख्ख्या बहिणीनं मला मुद्दाम वगळलं,’ ती म्हणाली.

नानांनी एक कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. ‘नोंद करा.’

ही चिठ्ठी म्हणजे पिवळ्या जाड पुठ्ठ्याचा तुकडा. वर भोक, भोकात सुतळी. आलेल्या प्रत्येक वस्तूला ती बांधायची. तिच्यावर छापलेल्या ओळी चार: काय, कुठे, केव्हा आणि शेरा. पैकी शेऱ्याची ओळ नाना दर सोमवारी गठ्ठ्यानं कात्रीनं कापून टाकत. कापलेल्या पट्ट्यांवर दोघं बाजाराच्या याद्या लिहीत. वरिष्ठांनी एकदा विचारलं, तेव्हा नाना म्हणाले होते, ‘साहेब, मालक यायच्या आधी शेरा लिहू नये. मालक येऊन गेल्यावर लिहायला वस्तू राहत नाही. मग ओळ हवी कशाला?’

धाकटीनं पेन उचललं. ‘काय’पुढे लिहिलं, ‘बहिणीनं वगळलं.’

‘वगळताना पाहिलंत?’ नानांनी विचारलं.

‘पाहायचं काय त्यात?’

‘मग खोडा. दिसलं काय तेवढं लिहा.’

ती धुसफुसली, पण खोडलं. लिहिलं, ‘फोन आला नाही.’

‘हां. कुठे?’

‘माझ्या फोनवर! आणखी कुठे येणार?’

‘केव्हा?’

‘आजपर्यंत.’

‘झालं तर,’ नाना म्हणाले. ‘एवढंच तुमच्या हातात आहे. फोन, आला नाही, आजपर्यंत. बाकीचं तुम्ही घरून आणलंय.’

‘तुम्हाला काय जातंय बोलायला!’

‘मला गेलंय, बाई,’ नाना म्हणाले. ‘फार वर्षांपूर्वी एक बाबागाडी आली होती. पांघरूण, बाटली, सगळं आत. मी शेऱ्यात लिहिलं, ही आई की कोण? दुसऱ्या दिवशी ती आली, पोर खांद्यावर टाकून. पोराला फणफणून ताप भरला होता, ड्रायव्हरनं हॉस्पिटलच्या दारात बस थांबवली आणि ही तशीच धावली. चिठ्ठी काढून ठेवायचं मला सुचलं नाही. तिनं वाचलं. गाडी घेऊन गेली. त्याच दिवशी मी कात्री आणली.’

नानांनी तीन बोटं वर केली.

‘माणूस वस्तू का सोडतो? हात भरलेले असतात. किंवा डोकं भरलेलं असतं. किंवा कुणीतरी हाक मारतं आणि तो वळतो. आधी हात, मग डोकं, मग हाक. याच क्रमानं बघायचं.’

‘आणि मुद्दाम टाकली असेल तर?’

‘ते चौथं. ते शेवटी. बावीस वर्षांत दोनदा.’

धाकटी हट्टी असली तरी शिकायला वाईट नव्हती. त्याच संध्याकाळपासून तिनं हिशेबच लावला. तिच्या तोंडावर दार बंद करून निघून गेलेल्या बस ड्रायव्हरला तिनं ‘हाक’ दिली, मागून भोंगे वाजवत होते बिचाऱ्याला. पिशवीच्या तळाशी दबलेली फळं घालणाऱ्या फळवाल्याचे ‘हात’ भरलेले होते. आणि नवऱ्यानं ओला टॉवेल पलंगावर टाकला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘असू दे. तुमचं डोकं भरलेलं असणार.’ नवऱ्याला इतक्या स्वस्तात सुटायची सवय नव्हती. तो अर्धा तास घाबरून वावरला आणि शेवटी आपणहून भांडी घासायला बसला.

‘अगं, पण ताईला सरळ एक फोन कर ना,’ भांड्यांमधून तो म्हणाला.

‘मी का करू? तिनं करायचा.’

‘तिचं डोकं भरलेलं असेल. घर हलवतेय.’

‘घर हलवताना आत्तेबहिणीला फोन करायला होतं ना डोकं रिकामं!’

तीच तर गंमत होती. शुक्रवार दुपारपर्यंत तिनं अकरा माणसांना माफ केलं होतं, पण बहिणीपाशी येऊन गाडी अडत होती. परक्यांना माफ करायला काय लागतं? त्यांनी कुणी तुमचे केस विंचरलेले नसतात.

त्याच दुपारी लांबच्या गाडीचा कंडक्टर एक मोठी कापडी पिशवी घेऊन आला. ‘वरच्या रॅकवर राहिली, बाई. सकाळच्या गाडीत. एक मुलगी होती, तीन बोचकी घेऊन उतरली, चौथं विसरली.’

‘हात,’ धाकटी आणि नाना एका सुरात म्हणाले.

नियमाप्रमाणे पिशवी उघडून आतल्या वस्तूंची यादी करायची असते. कागदी पेले, शंभर. टेबलावर घालायची कापडं, तीन. रंगीत फितीचं रीळ. आणि एका पाकिटात छोटी छोटी कार्डं, जेवणाच्या टेबलावर कुणी कुठे बसायचं ते दाखवायला ठेवतात तशी. प्रत्येकावर सुबक अक्षर, ‘म’चा पोटात वळवलेला गोल. धाकटीनं कार्ड उजेडाकडे धरलं. तो गोल तिनंच शिकवला होता, एका पाच वर्षांच्या भाचीला, पाटीवर हात धरून.

ती कार्डं वाचायला लागली. मोठी आत्या. भाऊकाका. आत्तेमावशी आणि मंडळी. डॉक्टरकाका. शाळेतल्या बाई. वरच्या मजल्यावरचे आजोबा. तिनं मोजली, सव्वीस. पुन्हा मोजली. पिशवी उलटी करून झटकली. एक पेला घरंगळत काठ्यांच्या खाली गेला. ‘मावशी’ असं कार्ड कुठेच नव्हतं.

‘नाना,’ ती म्हणाली. ‘हात भरलेले असले तरी सव्वीस कार्डं लिहून झालीत. आणि डोकं ठिकाणावर असल्याशिवाय वरच्या मजल्यावरचे आजोबा आठवतात का हो कुणाला?’

‘हाक?’

‘हाक मारली तर माणूस एखादा काका विसरतो. पाठची बहीण विसरत नाही.’

नानांनी चष्मा काढून पुसला. पुसायला फारसं काही नव्हतं तरी बराच वेळ पुसला. ‘मग चौथंच म्हणायचं,’ ते हळूच म्हणाले.

‘दोनदा म्हणालात ना? कोण होते ते दोन?’

‘एक ट्रम्पेट. वाजवणाऱ्याची बायको दर महिन्याला बसमधे ठेवून जायची आणि तो दर महिन्याला घेऊन जायचा. शेवटी मीच तिला विचारलं, बाई, तुम्हाला आवाजाचा त्रास होतो का? ती म्हणाली, आवाजाचा नाही हो, तेच एक गाणं आहे. तर मी त्याला सांगितलं, दुसरं गाणं शिका. पुन्हा ट्रम्पेट आलं नाही.’

‘आणि दुसरं?’

‘एक काठी. एका आजींना काठीचा राग आला होता. म्हातारं करते म्हणाल्या. चौथ्या दिवशी लंगडत आल्या, म्हणाल्या, राग गेला, द्या.’ नानांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ‘चौथं निघालं म्हणून सगळं संपलं असं नसतं, बाई. चौथं निघालं की अंदाज बांधणं बंद करायचं आणि मालकाला विचारायचं, इतकंच. आणि एक सांगू का? रागावू नका.’

‘बोला.’

‘तुमचीही एखादी वस्तू तिच्याकडे पडून असेल. शेऱ्यासकट.’

आठवायला धाकटीला क्षणही लागला नाही. गेले दहा महिने ताईचे फोन आखूड होत गेले होते, आणि कुठून आखूड व्हायला लागले तेही तिला पक्कं ठाऊक होतं. नोव्हेंबरपासून. ताईच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनपासून.

‘मी गेले नव्हते,’ ती म्हणाली. ‘रजा मिळाली नाही असं कळवलं होतं.’

‘रजा?’ नाना चमकले. ‘नोव्हेंबरात? मी स्वतः मंजूर केली होती. दोन दिवसांची.’

धाकटीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खिडकीवर कुणी नव्हतं, एरवी दिवसभर रांग असते. मग तिनं सांगून टाकलं.

ती गेली होती. फळं घेऊन, नवऱ्याला बरोबर घेऊन, तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली होती. ताईच्या खोलीचं दार सहा पावलांवर असताना शेजारच्या खोलीतून एक माणूस आला, डोळ्यावर पट्टी बांधलेला, आणि ती पट्टी कडेनं जराशी सुटलेली. पुढचं धाकटीला आठवत होतं ते छत. नर्सनं तिला तळमजल्यावर नेऊन खाटेवर निजवलं, साखरपाणी पाजलं. वर बहीण, खाली ही. नवऱ्याला तिनं शपथ घातली, ताईला यातलं अक्षरही कळता कामा नये. कारण लहानपणी झुरळ दिसलं की ताई तिला ‘भित्री भागूबाई’ म्हणायची, आणि एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा तो शब्द ऐकायची तिची तयारी नव्हती.

नाना एकदम उठून छत्र्यांकडे गेले. पाठमोरे उभे राहून छत्र्या नीट करू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

‘हसताय?’

‘छे. मुठी मोजतोय.’

शनिवारी सकाळी दहा वाजता भाची खिडकीवर आली. मावशी इथेच कामाला आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. आज सुट्टी असेल या आशेवर आली असावी. जाळीपलीकडे मावशीचा चेहरा दिसताच तिचा चेहरा दोरीवरून पडलेल्या कपड्यासारखा झाला.

‘मावशी… एक पिशवी राहिली होती.’

‘आत काय होतं?’ धाकटीनं वही उघडली. नियम म्हणजे नियम.

‘पेले. कागदी.’

‘किती?’

‘शंभर.’

‘नव्व्याण्णव. एक काठ्यांखाली गेलाय. पुढे?’

‘टेबलाची कापडं. फीत. आणि…’ भाचीनं खिडकीच्या कडेवरचा रंग खरवडला. ‘कार्डं.’

‘किती?’

‘सव्वीस.’

‘बरोबर. सही कर.’

भाचीनं पेन घेतलं आणि सही करायच्या जागी तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. ‘मी विचारलं होतं गं आईला. दोनदा विचारलं.’

‘काय म्हणाली?’

‘म्हणाली, तिच्या कचेरीत तिला रजा मिळत नाही. उगाच बोलावून बिचारीला अडचणीत कशाला टाका.’

मागे नानांच्या खुर्चीनं कर्रकन आवाज केला. धाकटीला ताईचा सूर अगदी तस्साच ऐकू आला, ‘बिचारीला’वर जोर देऊन.

‘तिला वाटतं तुला तिच्यासाठी वेळ नाही,’ भाची डोळे पुसत म्हणाली. ‘म्हणून तर दुसऱ्या डोळ्याचं तुला कळवलंसुद्धा नाही. मलाही ऐनवेळी येता आलं नाही, एकटीच टॅक्सीनं गेली आणि आली.’

‘दुसरा डोळा? कधी?’

‘नऊ दिवस झाले.’

धाकटीनं वही मिटली. नऊ दिवस. वीस मिनिटांवर. आणि ती इथे फळवाल्यांना माफ करत बसली होती.

‘अर्ध्या दिवसाची रजा मंजूर,’ कुणी मागितली नसताना नाना मागून म्हणाले. ‘पिशवी तुम्हीच उचला, बाई. पोरीच्या हातात दिलीत तर परत इथेच येईल.’

ताईच्या घरात खोक्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. पडदे उतरले होते, भिंतींवर चौकटींचे फिकट चौकोन राहिले होते, आणि मधोमध गुंडाळलेल्या गादीवर काळा चष्मा लावून ताई बसली होती, फौजेच्या सेनापतीसारखी. धाकटीनं पिशवी ठेवली आणि लेकीनं ‘मी उद्याच्या जेवणाचा हॉल बघून येते’ म्हणून पायाला पाय लावून पळ काढला.

‘या, या,’ ताई म्हणाली. ‘रजा मिळाली वाटतं आपल्याला.’

ताईनं अहो-जाहो सुरू केलं की ओळखावं, प्रकरण गंभीर आहे. धाकटीनं वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. ती सगळी दारातच सांडली.

‘ताई, मी आले होते.’

‘कुठे?’

‘हॉस्पिटलमधे. नोव्हेंबरात. तिसऱ्या मजल्यापर्यंत.’

‘खोटं बोलायला तरी शीक,’ ताई म्हणाली. ‘लहानपणापासून तुला येत नाही.’

‘तुझ्या खोलीबाहेर हिरवी बाकं होती. मधल्या बाकाच्या पायाखाली पुठ्ठा घातलेला. समोर एक घड्याळ बंद पडलेलं. मी दारापासून सहा पावलांवर होते. मग एक माणूस आला, पट्टीवाला, आणि ती पट्टी… आणि मी गेले.’

‘घरी.’

‘नाही. खाली.’

‘खाली कुठे?’

‘जमिनीवर, ताई! आडवी! चक्कर येऊन पडले!’

ताईनं काळा चष्मा कपाळावर सरकवला. उजवा डोळा लालसर होता, पण दोन्ही डोळे रोखून धरायची ताकद होती तशीच होती. ‘थांब,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी बाहेर धप्पकन आवाज झाला. मी नर्सला विचारलं, काय पडलं? ती म्हणाली, कुणीतरी जाड बाई पडलीय. ती तू?’

‘जाड म्हणाली?’

‘मी तिला म्हटलं, अगं बिचारी, घरचं कुणी आत असेल तिचं, काळजीनं पडली असेल. माझं साखरपाणी आहे ते द्या तिला.’

धाकटी दारातून आत आली.

‘ते तुझं होतं?’ धाकटी म्हणाली. ‘फार गोड होतं.’

आणि मग ताई हसली. साधंसुधं नाही, गादीवरून कलंडून, खोक्याला धरून हसली, आणि हसता हसता ‘आई गं, डोळा, डोळा’ करायला लागली. धाकटीही हसली. तिला वाटलं, सुटलो. पण ताईचं हसू मधेच कुठेतरी तुटलं आणि तिनं चष्मा परत खाली ओढला.

‘आणि दहा महिने सांगितलं नाहीस.’

‘तू भित्री म्हणाली असतीस.’

‘म्हणालेच असते! महिनाभर म्हणाले असते. आणि मग?’ ताईचा आवाज चढला. ‘पट्टी सोडली ना माझी, तर डॉक्टर म्हणाले, समोर काय दिसतंय सांगा. सगळे भिंतीवरची अक्षरं बघतात. मी दाराकडे बघितलं. डॉक्टर म्हणतात, बाई, इकडे बघा, इकडे. मी आपली दाराकडेच.’

याच्यावर नानांची तिन्ही बोटं चालत नव्हती. हात, डोकं, हाक, काहीच नाही. बावन्न वर्षांच्या बाईनं एका शब्दाला भिऊन साठ वर्षांच्या बहिणीला दाराकडे बघत ठेवलं होतं.

‘चुकले मी,’ धाकटी म्हणाली.

‘चुकलीसच.’

‘पण तूही विचारायचंस ना. नुसतं ठरवून टाकलंस. परक्या जाड बाईला साखरपाणी, आणि मला?’

ताईनं एका खोक्यावरची चिकटपट्टी, जी नीटच चिकटली होती, ती आणखी दाबून बसवली. ‘तू परकी असतीस तर सोपं गेलं असतं,’ ती शेवटी म्हणाली.

तेवढ्यात कुठल्यातरी खोक्यात गजर वाजायला लागला. ताई दचकली. ‘थेंबांची वेळ झाली! बघ गं, त्या निळ्या डब्यात बाटली आहे. वरचे आजोबा घालतात रोज चार वेळा, नऊ दिवस चुकले नाहीत. पण आज ते लेकाकडे गेलेत, संध्याकाळी येतील.’

अच्छा, म्हणजे आजोबांचं कार्ड त्यासाठी, असं धाकटीच्या मनात आलं. पण त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट लक्षात आली: थेंब घालायला आता इथे ती एकटीच होती.

‘मी घालू?’

‘मग काय गाडीवाल्याला बोलवू?’ ताई गादीवर आडवी झाली आणि चष्मा काढला. ‘पापणी खाली ओढायची, थेंब सोडायचा. एवढंच.’

‘पापणी ओढायची?’

‘खाली बस आधी. म्हणजे पडलीस तरी लांब जायला नको.’

धाकटी बसली. बाटलीचं झाकण फिरवताना ते हातातून सुटून खोक्याखाली गेलं. तिनं श्वास घेतला. ताईच्या कपाळावर डावा हात ठेवला. ते कपाळ आता सुरकुतलं होतं, आणि तिच्या हाताला ते लहान लागलं. आजवर कधी हात लावायची वेळच आली नव्हती, लावायची ती ताई. पहिला थेंब नाकावर पडला.

‘वर,’ ताई म्हणाली.

दुसरा कपाळावर.

‘एवढं वर नाही. अगं, बघून सोड ना!’

‘बघितलं तर पडेन!’

‘पड. मी खालीच आहे.’

धाकटीनं पापणी हलकेच ओढली. ताईचे श्वास तिच्या मनगटावर लागत होते. तिनं बाटली दाबली.

‘गेला,’ ताई म्हणाली.

‘खरंच?’

‘गेला गं. उघड आता डोळे.’

धाकटीनं डोळे उघडले. ताईच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून थेंब ओघळून कानाकडे निघाला होता. औषधाचा असावा. तिनं तो पदरानं टिपला नाही, बोटानंच पुसला.

‘उद्या सकाळचे थेंब आठ वाजता,’ ताई आढ्याकडे बघत म्हणाली. ‘मग हॉलवर जायचंय, पाहुणे साडेबाराला. आणि येताना काहीतरी पोटात घालून ये. उपाशी येऊन पडलीस तर आजोबांकडून उचलली जायची नाहीस.’

‘बरं.’

‘आठ म्हणजे आठ. सव्वाआठ नाही.’